कुंपणावरचा दोडका

नागपंचमीला आमच्याकडे तवा ठेवत नाहीत, भाजी चिरत नाहीत, जमीन खणत नाहीत. नागोबाला इजा होऊ नये म्हणून हा नेम, असं सांगतात. माझा जुना संशय असा, की वर्षातून एक सकाळ बायकांना कुंपणाशी उभं राहून बोलता यावं म्हणून कोण्या शहाण्या सासुरवाशिणीनंच तो घालून दिला असावा.

कानोले उकडायला ठेवून मी सांदवाडीत, म्हणजे परसात, आले, तर काकू आधीच तारेपाशी हजर. एक हात कमरेवर, नजर दोडक्यावर.

दोडक्याचं प्रकरण आठ दिवसांपासून धुमसत होतं. वेल काकूंचा. पण त्यांच्या बाजूला कडुनिंबाची सावली, म्हणून वेलानं तार ओलांडली आणि जेवढी फुलं धरायची तेवढी आमच्या बाजूला धरली. त्यातला हा एक दोडका हातभर लांब झालेला.

"हा दोडका माहा हाये का तुहा?" काकूंनी सरळ विचारलं.

"वेल तुमचा, काकू. पण दोडका माह्या हद्दीत हाये." काकूंशी बोलताना माझी जीभ आपोआप वऱ्हाडी होते.

"बी कोनाचं?"

"तुमचं."

"पानी कोनाचं?"

"तुमचंच."

"शेनखत?"

"ते बी तुमचं."

"मंग तुहं का हाये त्याच्यात?"

"ऊन," मी म्हटलं.

काकू हसल्या. नाहीतरी आज चिरता येणार नव्हता, म्हणून निकाल उद्यावर गेला. दोडका तारेवर तसाच लोंबकळत राहिला आणि आम्ही खऱ्या विषयाकडे वळलो, म्हणजे समोरच्या गुरुजींकडे.

"गुरुजी स्मारकावर गेले सकाळीच," काकू आवाज खाली आणून म्हणाल्या. गल्लीत दुसरं कोणी नव्हतं, पण काही बातम्यांना खालचाच आवाज शोभतो. "टोपी घालून. अन् हातात जास्वंदाचे फुलं. सोताच्या झाडाचे!"

बाहेरच्या माणसाला यात काय बातमी, ते कळायचं नाही. आमच्या आष्टीच्या नावापुढे कंसात 'शहीद' लिहितात. 16 ऑगस्ट 1942 ला नागपंचमी होती. त्या दिवशी लोक मोर्चा घेऊन पोलीस ठाण्यावर गेले, गोळीबार झाला, गावची माणसं गेली. त्याच दिवशी तिकडे चिमूरही पेटलं. तेव्हापासून गुरुजींसारख्या माणसाला नागपंचमी म्हणजे नागोबाआधी हुतात्मे. तारीख पुढेमागे होते, ते तिथी पाळतात. नोकरीत असताना पोरांना घेऊन जायचे, रिटायर झाल्यावर एकटे. फक्त गेल्या वर्षी गेले नाहीत. गेल्या आषाढात त्यांच्या घरची मालकीण गेली, आणि त्यानंतर गुरुजी दारातल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसले ते बसलेच. आत टीव्ही चालू, बाहेर गुरुजी, मधे कोणी नाही. मुलगा नागपूरहून येई, डॉक्टरकडे नेई. डॉक्टर म्हणे, फिरत जा. गुरुजी खुर्चीतून मान हलवत.

"त्या खुर्चीतून म्याच उठवलं त्याईले," काकू म्हणाल्या.

"तुमी काय केलं?"

"लबाडी."

लबाडी अशी. मार्गशीर्षात काकूंनी वांग्याच्या रोपांचे सहा गमले उचलले आणि गुरुजींच्या पायरीवर मांडले. मी आठ दिवस पुलगावला लेकीकडे जाऊन रायली, घरी कोणी नाही, रोज तांब्याभर पाणी घाला. गुरुजी काही बोलायच्या आत काकू फाटकाबाहेर. पुलगावला त्या गेल्या खऱ्या, पण त्यांच्या घरी कोणी नव्हतं हे खोटं. धाकटा मुलगा आणि सून घरीच होते. त्यांना ताकीद होती, की गुरुजी पाणी घालताना दिसले तर तोंड फिरवून आत जायचं.

आठ दिवसांनी काकू आल्या तर गुरुजी काकूंच्या दारात उभे. शाळेत पाटी फुटलेल्या पोरासारखा चेहरा. सहातली दोन रोपं मेली होती.

"दुसऱ्या कोनी म्हनलं असतं, जाऊ द्या गुरुजी, मेले तं मेले. म्या नाई म्हनलं. म्या म्हनलं, बाप्पा! दोन मेले? बरं, दुसरे देतो. पन हे मरू देऊ नोका."

मी काकूंकडे पाहत राहिले. दुःखात असलेल्या माणसाला आपण सगळे काहीतरी देत असतो. डबा देतो, सल्ला देतो. काकूंनी त्याच्याकडे मागितलं.

"आता तं भेदरं लावले, सांबार लावला, वालाचा वेल चढवला. अन् परवा का झालं मालूम हाये का? बकरीवालीसंग भांडले! दहा मिनटं! तिची बकरी वालाले तोंड लावून रायली होती." काकूंच्या चेहऱ्यावर असं समाधान, की जणू गुरुजींना पुरस्कार मिळाला. "मानूस भांडाले लागला का समजाचं, तब्येत सुधरली."

(भेदरं म्हणजे टोमॅटो आणि सांबार म्हणजे कोथिंबीर. पुण्यामुंबईच्या वाचकांनी इडलीबरोबरचं सांबार मातीत पेरलं असं समजू नये.)

आता इथे मला माझ्या भाचीचं ज्ञान पाजळायची हुक्की आली. ती पुण्याला ऑक्युपेशनल थेरपी शिकते. बागकामातून उपचार हा तिच्याकडे अभ्यासाचा विषय आहे, त्यावर परीक्षा असते, हे ऐकून काकूंना पहिल्यांदा हसू आलं. मी म्हटलं, हसू नका. अमेरिकेत बेंजामिन रश नावाच्या डॉक्टरनं 1812 मधेच पुस्तकात लिहून ठेवलं, की वेड्यांच्या दवाखान्यातले जे गरीब पेशंट लाकडं फोडतात, बागेत खणतात, ते बरे होऊन जातात. मोठ्या घरच्यांना कामाला कोणी लावत नाही, ते तिथंच कुजत राहतात.

"हे समजाले अमेरिका कायले लागते?"

"पुढं ऐका ना. 1984 साली उलरिच म्हणून एकानं पेनसिल्व्हेनियातल्या एका दवाखान्याचे जुने कागद काढले. पित्ताशय काढलेले पेशंट. 23 जणांच्या खिडकीतून झाडं दिसत, तसल्याच 23 जणांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले पाऊण दिवस आधी घरी गेले. दुखण्याच्या जबर गोळ्याही त्यांना कमी लागल्या."

"पाऊनच दिवस?" काकूंचा चेहरा पडला. मग त्यांनी मनात काहीतरी हिशोब केला. "पन दवाखान्याचं एका दिवसाचं भाडं पाह्यता पाऊन दिवस बी काई कमी नाई."

खरं सांगायचं तर अमेरिकेच्या दोन्ही गोष्टी काकूंना फिक्या वाटल्या. कारण त्यांच्याकडे घरची गोष्ट होती. काकूंचं माहेर पवनार, आणि पवनारच्या माणसापुढे बाकीच्यांनी आरोग्य, माती, मन या विषयावर फार बोलू नये.

"माहा बाप सांगे," त्यांनी पदर खोचला. "विनोबा पवनारले आले तवा नुसते हाडं होते. 88 रत्तल वजन! म्हंजे किती होते आताचे?"

"चाळीस किलो."

"उभ्या मानसाचं चाळीस किलो! अन् ते बी येवढं काम करनारा मानूस."

ही 1938 मधली गोष्ट. विनोबांची प्रकृती इतकी ढासळली होती, की गांधीजींनी त्यांना कामातून सुटून हवापालटाला जायला सांगितलं. लोक म्हणे थंड हवेची ठिकाणं सुचवत होते. विनोबांनी निवडलं पवनार. वर्ध्यापासून जवळच, धाम नदीच्या काठी, जमनालाल बजाजांचा लाल बंगला होता तिथं. नदीच्या पुलावरून जाताना त्यांनी डोक्यातली सगळी कामं सोडल्याचं तीनदा म्हटलं, आणि खरंच सोडली. मग काय केलं? कुदळ घेतली.

"पह्यल्या दिवशी पाच मिनटं खनलं, बस," काकू म्हणाल्या. "मंग दुसऱ्या दिवशी थोडं जास्त. तिसऱ्या दिवशी अजून थोडं. घाव घालाचा, थांबाचं, श्वास घ्याचा, मंग दुसरा घाव. घाई नाई. असं करत करत मानूस तास तास खनाले लागला. दहा महिन्यात 128 रत्तल!"

चाळीस रत्तल वाढ. अठरा किलो. मी ही हकिगत वाचनालयातल्या पुस्तकात वाचली होती तेव्हा मला आकडा लक्षात राहिला. काकूंच्या तोंडून ऐकताना लक्षात आलं, की खरी युक्ती त्या पाच मिनिटांत आहे. आजारी माणसाला उद्यापासून रोज तासभर चाला म्हटलं की तो परवा खुर्चीत सापडतो. पाच मिनिटं कोणीही खणतो.

"अन् खनता खनता का सापडलं, सांग."

"भरत-रामाची मूर्ती."

"हाव! भरताची अन् रामाची भेट. कोरलेली. अजून हाये आश्रमात."

यातली गंमत काकूंना माहीत नव्हती, ती मी पुरवली. सहा वर्षं आधी, 1932 मधे, धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं देताना विनोबा याच भरत-राम भेटीविषयी बोलले होते. तिचं चित्र कोणी काढलं तर किती सुंदर होईल, असं. आणि पवनारच्या मातीतून तेच शिल्प वर आलं. काकूंनी हात जोडले. मी जोडले नाहीत, पण बोललेही नाही. योगायोगापुढे कधी कधी गप्प बसावं.

मग चहा आला, तारेवरून इकडून तिकडे कप गेले आणि गप्पांना उतार लागला. मागच्या वेटाळातल्या बाईंचा विषय निघाला. त्यांनी सहाशे रुपयांना इन्सुलिनचं झाड आणलं. रोज सकाळी दोन पानं चावतात आणि शुगरची गोळी बंद केली. परवा चक्कर येऊन पडल्या. झाडाच्या नावात इन्सुलिन आहे, पानात नाही, हे त्यांना सांगायला कोणी गेलं नाही. गुरुजींचं बघा, आठ महिने मातीत हात घालतात, चेहरा बदलला, झोप सुधारली, पण त्यांची शुगरची गोळी आहे तशी आहे. डॉक्टरनं कमी केली नाही आणि गुरुजींनीही मनानं केली नाही. इतिहासाचे मास्तर असले तरी हिशोबाला पक्के.

"अन् गुळवेल?" काकूंनी विचारलं. कोरोनात त्यांनी कडुनिंबावरची गुळवेल तोडून सगळ्या गल्लीला काढा पाजला होता. मीही प्यायले होते. मी सांगितलं, की 2021 मधे मुंबईच्या काही डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्यांच्या यकृताला सूज आल्याच्या केसेस छापल्या, आणि आयुषवाल्यांनी ते मान्य केलं नाही, वाद झाला. काकू थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "तुले काई झालं नाई ना?" नाही म्हटलं. "मंग बस."

माझ्या चुलत नणंदेनं नागपूरच्या फ्लॅटमधे चौदा स्नेक प्लांट ठेवलेत, घरातली हवा शुद्ध होते म्हणून, हे मी सांगितलं. ही अफवा नासापर्यंत जाते. 1989 मधे त्यांनी बंद पेटीत झाडं ठेवून प्रयोग केला होता, पेटीतली विषारी वाफ कमी झाली होती. पण आपलं घर म्हणजे बंद पेटी नाही. 2019 मधे दोन संशोधकांनी असे सगळे प्रयोग तपासून गणित मांडलं, की नुसत्या खिडकीइतका फायदा झाडांनी व्हायला हवा असेल तर चौरस मीटरमागे दहापासून हजारापर्यंत झाडं लागतील.

"मंग मानसं कुठं झोपतीन?" काकूंचा प्रश्न शास्त्रीय होता.

पिंपळ रात्री ऑक्सिजन देतो हेही तसलंच. उजेडाशिवाय कोणतंच झाड ते काम करत नाही. पण हे काकूंना सांगताना मी जरा अडखळले, कारण सेवाग्रामला बापूंनी 1936 मधे लावलेल्या पिंपळाखाली त्या लहानपणी बसलेल्या आहेत आणि तिथं बसलं की बरं वाटतं, असं त्या छातीठोक सांगतात. बरं वाटतंच. मलाही वाटतं. फक्त त्याचं कारण ऑक्सिजन नाही.

आता बागकामाचं इतकं कौतुक चाललंय तर दुसरी बाजूही सांगते, नाहीतर भाची रागवेल. गुरुजींनी हौसेनं मागच्या अंगणातलं गाजरगवत उघड्या हातांनी उपटलं आणि आठ दिवस दोन्ही हात खाजवत बसले. फुलावर यायच्या आधी, हाताला पिशव्या बांधून, मुळासकट काढावं लागतं ते. हे गवत आपलं नव्हेच. 1950 च्या दशकात पुण्याकडे पहिल्यांदा दिसलं, परदेशातून आलेल्या गव्हाबरोबर आलं असं मानतात.

"पुन्याहून आलं म्हन!" काकूंना पुण्याविषयी जे काही वाटत होतं त्याला पुरावा मिळाला.

आशाताई दर आठवड्याला येऊन गमल्यांखालच्या बशा उलट्या करून जाते, तेही याच खात्यात. बशीतल्या साचलेल्या पाण्यात डेंगूच्या डासानं अंडी घातली तर आठ-दहा दिवसांत नवे डास उडायला तयार. म्हणून आठवड्यातला एक कोरडा दिवस. काकू तिच्यावर चिडतात, पण ती फाटकात दिसली की आधीच बशा पालथ्या करून ठेवतात. धनुर्वाताचं इंजेक्शन मात्र घ्यायला त्या तयार नाहीत. साठ वर्षं मातीत काढली, म्हणतात. मी त्यावर वाद घालणं सोडलेलं नाही.

काकू बचत गटात आहेत. पोषण परसबागेचे गोल वाफे त्यांनी प्रशिक्षणात शिकून घेतले. पालक, मेथी, चवळी, शेवगा, मधे फिरायला पायवाट, सांडपाणी कडेनं आळवाला. सुनेचं रक्त कमी होतं तेव्हा भाजीवर लिंबू पिळायचं आणि जेवणावर लगेच चहा घ्यायचा नाही, हे त्यांनी घरात कायद्यासारखं लावलं. लिंबानं भाजीतलं लोह अंगी लागतं, चहा ते अडवतो. लोहाच्या गोळ्याही चालू होत्या, पण सुनेला गोळीचं नाव काढवत नाही आणि काकूंना चवळीचं कौतुक थांबवत नाही.

हे सगळं हसतखेळत चाललं होतं. मग काकू एकदम म्हणाल्या, "तुह्या भाचीले एक विचारजो. मातीत हात घातला का मन बरं होते म्हन्ते ना ते? मंग माह्या बुढ्याचं काऊन नाई झालं?"

मी कप खाली ठेवला.

काकूंचा तीन एकर संत्रा होता, तळेगावच्या रस्त्याकडे. आष्टी-कारंजा-आर्वीचा हा पट्टा संत्र्याचा. 2014 मधे नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आम्ही पेढे खाल्ले नाहीत, पण वर्तमानपत्र जपून ठेवलं. काकांनी चाळीस वर्षं त्या बागेत काढली. त्यांच्याइतका मातीत हात घातलेला माणूस मी पाहिला नाही.

"एका साली डिंक्या आला. झाडाच्या बुडातून डिंक गये. दुसऱ्या साली कोळशी. तिसऱ्या साली आंबिया बहार चांगला धरला, तं पावसात निस्ता गळला. बुढा रात्री उठे, बॅटरी घे, अन् वावरात जाऊन विहिरीत उजेड टाके. किती पानी हाये ते पाहाले. रात्रीतून का पानी वाढते का?"

काका एकसष्टाव्या वर्षी गेले. बीपी होता, काळजी होती, दोन्ही मोजायची राहून गेली. बाग पुढे तोडली, वावर मक्त्यानं दिलं.

"हेच हात, अन् हेच माती. तिकडं वावरात गेली का माही छाती धडधडे. इथं सांदवाडीत दोन घंटे बसली का रात्री अशी झोप लागते का कोनी उचलून नेलं तरी मालूम नाई पडाचं. काऊन?"

भाचीच्या पुस्तकात याचं उत्तर आहे की नाही, मला माहीत नाही. अमेरिकेतल्या त्या पेशंटना खिडकीतून झाडं दिसत होती, त्या झाडांवर कोणाचं कर्ज नव्हतं. 2006 मधे पंतप्रधानांनी विदर्भातल्या आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केलं, त्यात आमचा वर्धा होता. त्या जिल्ह्यांत हिरवळीची कमतरता नव्हती. श्रावणात या रस्त्यानं जा, डोळे निवतील इतकं हिरवं. त्या हिरव्यातच माणसं गेली.

मी काही बोलायच्या आत काकूंनीच उत्तर दिलं, आणि ते दोडक्याकडे बोट दाखवून दिलं.

"हा दोडका सडला तं सडला. तू घेतला तं तू घेतला. त्याच्यावर सोसायटीचं कर्ज नाई, त्याले मार्केटात भाव नाई. संत्रा गळला म्हंजे निस्ता संत्रा नाई गळत, माय. पोट्टीचं लगन गळते."

थोडा वेळ कोणीच बोललं नाही. कडुनिंबावर खारूताई चिरचिरत होती.

मी आनंदवनाचं काढलं, कारण मला ते खटकत होतं. तिथं तर हौसेची बाग नव्हती, पोटासाठीची शेतीच होती. बाबा आमटे आपल्याच जिल्ह्यातले, हिंगणघाटचे. वरोऱ्याजवळ पन्नास एकर खडकाळ जागा, सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि खिशात चौदा रुपये, एवढ्यावर सुरुवात. 1951 मधे विनोबांच्याच हातून उद्घाटन. त्या माणसांच्या बोटांना संवेदना नव्हती, कुदळीनं कातडं सोललं तरी कळायचं नाही, काम झाल्यावर हात डोळ्यांनी तपासावे लागत. तसल्या हातांनी त्यांनी उन्हाळ्यात खडकात विहीर खणली, भाजी काढली. भाजी वरोऱ्यात कोणी घेईना, शिवायची भीती. पुढे देशोदेशीचे स्वयंसेवक येऊन त्यांच्यात राहिले, त्यांच्या हातचं जेवले, तेव्हा कुठे गावाची भीती मोडली. म्हणजे शेतीनंच ती माणसं उभी राहिली, काकू. मग?

काकूंनी विचार केला. दोडक्याचं एक पान उलटं करून मावा आहे का पाहिला.

"तठी विहिरीत रात्री बॅटरी टाकाले एकटा मानूस जाये का?"

"नाही. सगळे मिळून."

"मंग झालं तं."

वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाणांनी 1936 पासून कुष्ठरोग्यांचं काम मांडलं, तिथंही शेती आणि गोठा होता, हे मी सांगणार होते. पण सांगितलं नाही. काकूंनी मुद्दा माझ्या आधीच संपवला होता, आणि त्यांना काकांची आठवण येत होती हे दिसत होतं.

तेवढ्यात गुरुजींच्या फाटकाचा आवाज झाला. स्मारकावरून परत आले. आत गेले, दोन मिनिटांत बाहेर. टोपी उतरवलेली, बाह्या वर सारलेल्या, हातात खुरपं. सरळ वालाच्या वेलाकडे निघाले.

"गुरुजी!" काकू अशा ओरडल्या की कडुनिंबावरची खारूताई पसार झाली. "आज नागपंचमी हाये नं!"

गुरुजी एक पाय वाफ्यात, एक बाहेर, असे थांबले. हातातल्या खुरप्याकडे पाहिलं. ज्या माणसानं पस्तीस वर्षं पोरांकडून 16 ऑगस्ट 1942, नागपंचमी, असं घोकून घेतलं, जो आत्ता तासाभरापूर्वी त्याच तिथीसाठी स्मारकावर फुलं वाहून आला, तो खणायला निघाला होता.

"हो की," ते म्हणाले. "आळं बुजलंय वालाचं. डोक्यात तेवढंच होतं."

"इकडं आना ते खुरपं."

गुरुजी गल्ली ओलांडून आले. खुरपं त्यांनी तारेवरून काकूंच्या हातात दिलं आणि परत जायच्या ऐवजी तिथंच उभे राहिले. मग त्यांची नजर दोडक्यावर गेली.

"हा कोणाचा?"

"त्याचाच तं फैसला करून रायलो सकाळपासून," काकू म्हणाल्या.

गुरुजींनी चष्मा वर केला, दोडका बोटानं दाबून पाहिला, शिरांवरून अंगठा फिरवला. "हा आता खायचा नाही. आज चिरता येत नाही, उद्यापर्यंत पुरता जून होईल. बियाला ठेवा."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मी काकूंकडे. आठ महिन्यांपूर्वी या माणसाला वांग्याचं रोप जगवता येत नव्हतं.

"वाळाले किती दिवस लागते, मालूम हाये का?" काकूंनी परीक्षा घेतली.

"दसऱ्यापर्यंत. खुळखुळ वाजला की काढायचा." गुरुजींनी खिशातून सुतळीचा तुकडा काढला आणि कोणी चुकून तोडू नये म्हणून दोडक्याच्या देठाशी गाठ मारली. "तिघांत वाटून घेऊ बी. आणि ते खुरपं... उद्या सकाळी सहाला येतो न्यायला."

"सहाले नोका येऊ," काकू खुरपं पदराआड करत म्हणाल्या, "सहाले मी झोपून राह्यतो."